आई-बाबा म्यूनिकला येणार आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यूनिक आणि आसपास राहणाऱ्या मराठी घरांमधून दर वर्षी जानेवारी उजाडला की हे प्रश्न सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत. ते इथे एकत्र केले आहेत. कागदपत्रांचे नियम बहुतेक सगळ्या जर्मनीला लागू आहेत, सुट्ट्या आणि फिरण्याच्या जागा मात्र बव्हेरियातल्या. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आई-बाबांना कोणत्या महिन्यात बोलवावं?

पहिल्यांदाच येत असतील तर मे ते सप्टेंबर. जूनअखेरीला इथे रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आल्यावरही दोन तास बाहेर काढता येतात. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, सकाळी आठपर्यंत उजाडत नाही, आणि पुण्या-नाशिकची सवय असलेली माणसं घरात अडकून पडतात. ख्रिसमसचे बाजार पाहायचेच असतील तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दोन-तीन आठवड्यांसाठी बोलवा. बहुतेक बाजार २४ डिसेंबरला किंवा त्याआधीच आवरतात. नाताळच्या सुट्टीत ते बघू असं ठरवलंत तर हाती रिकामी मैदानं लागतात.

२. व्हिसाची तयारी कधी सुरू करायची?

प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस अर्ज करता येतो. १५ दिवसांवर अवलंबून राहू नका. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याच्या व्हीएफएस केंद्रांत (व्हिसाचे अर्ज तिथे घेतात) अपॉइंटमेंटसाठी गर्दी उसळते, म्हणून उन्हाळ्यात येणाऱ्यांनी फेब्रुवारीतच तारीख घ्यावी. मोठ्यांसाठी फी ९० युरो आहे (जून २०२४ पासून) आणि व्हीएफएसचा आकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बाबांचा पासपोर्ट सर्वात आधी तपासा. अनेक घरांत अडचण तिथेच निघते.

अर्जात बँकेचे उतारे, पेन्शनची कागदपत्रं, घराचे कागद आणि तुमचं निमंत्रणपत्र असतं. आई-बाबा परत जाणार आहेत हे त्या कागदांतून दिसायला हवं. भारतात त्यांचं घर आहे, पेन्शन आहे, दुसरी मुलगी शेजारच्या गावात आहे, हे साध्या शब्दांत लिहा.

३. बाबांची चांगली पेन्शन आहे. तरी हमीपत्र काढावंच लागतं का?

लागतंच असं नाही. स्वतःच्या खात्यावर पुरेसे पैसे दाखवता येत असतील तर त्यावर अर्ज करता येतो. ते दाखवणं अवघड असेल तर इथल्या आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून) फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे खर्चाचं हमीपत्र, काढा. त्याची फी २९ युरो. तुमच्या पगाराच्या पावत्या आणि भाडेकरार पाहून ते देतात. पगार पुरेसा आहे का हे ठरवताना तुमच्यावर अवलंबून असलेली मुलंही मोजतात. मूळ कागद भारतात पोचवावा लागतो, म्हणून टपालाचे दिवस धरून टर्मिन (भेटीची वेळ) घ्या.

सही करण्याआधी त्याचा अर्थ समजून घ्या. आई-बाबांच्या मुक्कामात सरकारला त्यांच्यावर काही खर्च करावा लागला, अगदी दवाखान्याचाही, तर तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. त्यामुळे हमीपत्र आणि इन्शुरन्स (प्रश्न ५) यांचा विचार एकत्रच करा.

४. ९० दिवस म्हणजे नेमके किती? तीन महिने धरले तर चालतात ना?

नाही चालत. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस असा नियम आहे. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजतात. १ मे रोजी उतरलेल्या माणसाचा नव्वदावा दिवस २९ जुलै. तीन महिने धरून ३१ जुलैचं तिकीट काढलंत तर दोन दिवस जास्त होतात. पुढच्या व्हिसाच्या वेळी ते दोन दिवस समोर येतात.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमांवर शिक्क्यांऐवजी संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतात, येण्याजाण्याची तारीख आपोआप चढते आणि दिवस मशीन मोजतं. पूर्वी पुसट शिक्क्यावरून जी चर्चा व्हायची तिला आता वाव नाही.

व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतो. दुसरी, त्या काळात किती दिवस राहता येईल. तारखा १०५ दिवसांच्या आणि मुक्काम ९० दिवसांचा असं असू शकतं. तेव्हा ९०च खरे. कधी मुक्काम ४५ दिवसांचाच मिळतो, म्हणून पासपोर्ट हातात आला की लगेच फोटो मागवून तो आकडा वाचा.

आता सणांचं गणित. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. १ मे ते २९ जुलै पूर्ण ९० दिवस राहिलेले आई-बाबा २८ ऑक्टोबरच्या आधी परत येऊ शकत नाहीत, म्हणजे गणपती हुकतो. त्याऐवजी १५ ऑगस्टला आले तर १२ नोव्हेंबरपर्यंत राहता येतं. गणपती, दसरा, दिवाळी, भाऊबीज सगळं नातवंडांबरोबर होतं. दोन्ही सण हवे असतील तर आम्ही हाच काळ सुचवतो. पहिल्या वर्षी डोंगर-तलाव पाहण्याची हौस मोठी असेल तर मे-जूनच बरा.

५. इन्शुरन्स कोणता घ्यावा? बाबांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामासाठी चालणारं हवं, आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी नेण्याचा खर्चही त्यात हवा. एवढ्यावर व्हिसा मिळतो, पण आधीपासून असलेले आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात किंवा जिवावर बेतलं तरच धरले जातात. विकत घेण्याआधी ते कलम स्वतः वाचा. अर्जात बीपी-शुगर लपवू नका. दाव्याच्या वेळी जुने रिपोर्ट मागतात आणि तिथे सगळा दावा फेटाळला जातो.

भारतीय पॉलिसी घ्यायची की पाहुण्यांसाठीची जर्मन, हा प्रश्न कायम येतो. वयाची मर्यादा, स्वतः भरायची रक्कम आणि जुन्या आजारांचं कलम या तीन गोष्टी शेजारी ठेवून ठरवा. साध्या आजारपणात इथे बहुधा आधी डॉक्टरचं बिल भरावं लागतं आणि मग पैसे परत मिळतात. बिलावर आजाराचं निदान लिहिलेलं हवं.

जिवावरचं काही असेल तर ११२. रात्री ताप चढला, कान दुखायला लागला, पण हॉस्पिटलची गरज वाटत नाही, तर ११६११७. हे दोन आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा आणि शेजारी तुमचा पत्ता देवनागरीत लिहा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही तो फोनवर वाचून सांगता येतो.

६. गोळ्या किती आणता येतात?

स्वतःच्या वापरापुरत्या, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या. मुक्काम ९० दिवसांचाच असल्यामुळे ते पुरतं. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथल्या दुकानात गोळी मिळत नाही, म्हणून मोजून पूर्ण कोर्स आणा. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. गोळ्या संपल्या किंवा हरवल्या तर इथला डॉक्टर त्यावरून नवी चिठ्ठी देऊ शकतो. निम्म्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा.

७. आई विचारते, काय काय आणू? हापूस आणला तर चालेल का?

नाही. युरोपीय संघाबाहेरून ताजी फळं, भाज्या आणि पानं रोपांच्या आरोग्याच्या दाखल्याशिवाय आणता येत नाहीत. डिसेंबर २०१९ पासून हा नियम कडक आहे. कढीपत्ता, विड्याची पानं, दुर्वा, आंबे सगळं त्यात आलं. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे पूजेचा नारळ येऊ शकतो. हापूस एप्रिल-मेमध्ये इथल्या भारतीय दुकानांत मागवून मिळतो. तो रीतसर दाखल्यासह आलेला असतो. महाग पडतो, पण आईच्या हातून विमानतळावर काढून घेतला जाणारा डबा टाळलेला बरा.

दूध आणि मांसाचे पदार्थही बंद: तूप, पेढे, बर्फी, चक्का, पनीर, खवा. घरचं साजूक तूप आणायचा आईचा आग्रह असतो. तिला आधीच सांगा की इथलं लोणी उत्तम असतं आणि ती आल्यावर आपण मिळून कढवू.

बिनधास्त येणारे पदार्थ म्हणजे गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, भाजणी, पापड, लोणचं, चिवडा, चकली, कोकम, डिंक. लोणचं प्लास्टिकच्या बरणीत, दोन पिशव्यांत बांधून, चेक-इन बॅगेत. नव्या वस्तू आणि भेटींची किंमत माणशी ४३० युरोंच्या आत असेल तर विमानाने येणाऱ्याला कर नाही. रोख दहा हजार युरो किंवा जास्त असेल तर कस्टमला सांगावं लागतं.

८. आई-बाबा एकटेच विमानाने येणार आहेत. इंग्रजी येत नाही. कसं करावं?

मुंबईहून म्यूनिक आणि फ्रँकफर्टला थेट विमानं आहेत. पहिल्या खेपेला थोडे पैसे जास्त गेले तरी थेटच घ्या. तिकिटावर व्हीलचेअरची मदत नोंदवा. ती मोफत आहे आणि ४८ तास आधी सांगावी लागते. गुडघे चांगले असतील तरी संकोच करू नका, कारण मदतनीस इमिग्रेशनपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत सोबत राहतो.

इमिग्रेशनवर बहुधा तीन प्रश्न येतात: कुठे जाणार, कुणाकडे, किती दिवस. एका कागदावर जर्मन आणि इंग्रजीत उत्तरं, तुमचा पत्ता आणि फोन लिहा, आणि सोबत परतीचं तिकीट व इन्शुरन्स छापून द्या. फोनमध्ये असेल असं म्हणू नका. विमानतळावर तोच फोन बंद पडतो.

९. घरात काय काय समजावून सांगावं?

सगळ्यात जास्त प्रश्न व्हिसाचे येतात, पण रोजची खरी अडचण घरातच असते. पहिला शनिवार यासाठी राखून ठेवा आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्या हाताने करून घ्या.

दार. इथलं दार ओढलं की बाहेरून कुलूपबंद होतं. बाबा पेपरवाल्या डब्यापर्यंत सपाता घालून खाली जातात, वाऱ्याने दार लागतं आणि किल्ली आत राहते. रविवारी किल्लीवाल्याचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि एक आई-बाबांना दोरीत ओवून द्या. दाराजवळ खिळ्यावर ती दोरी दिसली पाहिजे.

खिडकी. एकाच दांड्याच्या तीन जागा असतात. खाली म्हणजे बंद, आडवा म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे वरून तिरकी. दांडा अर्धवट फिरवला की खिडकी एका बिजागरीवर लटकते आणि आई घाबरून दोन्ही हातांनी धरून उभी राहते. त्या वेळी काच चौकटीला टेकवून वरचा कोपरा दाबायचा आणि मग दांडा फिरवायचा, हे एकदा दाखवलं की पुरतं.

बाथरूम. बहुतेक घरांत बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते. बादली-तांब्या घेऊन आंघोळ करायची तर ती टबात बसूनच. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या घराच्या छतावर डाग पाडतं आणि तो डाग तुमच्या हाफ्टफ्लिश्टवर (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या इन्शुरन्सवर) येतो. टबात न घसरणारी चटई आणि भिंतीला धरायला दांडा, या दोन वस्तू आई-बाबा येण्याआधी लावा.

स्वयंपाकघर. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म असतात. मिरचीच्या फोडणीने पॅसेजमधला वाजू शकतो. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. नळाचं पाणी प्यायचं आहे हेही सांगा, नाहीतर आई रोज पाणी उकळत बसते.

रिकाम्या बाटल्या. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीचे आणि कॅनचे २५ सेंट परत मिळतात. फेकू नका म्हणून सांगा. बाबा लोकांना दुकानातल्या यंत्रात बाटल्या टाकायचं काम मनापासून आवडतं.

१०. आम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत. त्यांना दिवसभर करमत नाही.

हा प्रश्न लोक सहलींचा तक्ता मागून विचारतात, पण तक्त्याने तो सुटत नाही. आई-बाबांना रोजचं एक ठरलेलं बाहेर पडणं लागतं, तेही तुमच्याशिवाय जमणारं. पहिल्या आठवड्यात एकच रस्ता पक्का करा: घर, बेकरी, बाग, घर. दुसऱ्या आठवड्यात ट्रामचा एक मार्ग. बाबांना बेकरीत बोटाने दाखवून दोन ब्रेत्सेन (इथले वळलेले खारे पाव) आणता आली की त्यांचा सगळा नूर बदलतो.

म्यूनिकमध्ये रोजच्या चालण्यासाठी न्युम्फेनबुर्गच्या राजवाड्याची बाग फुकट आहे, सपाट आहे आणि बाकांची कमी नाही. वेस्टपार्कमध्ये १९८३ च्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनातला नेपाळी पॅगोडा आणि पाण्यातलं थाई मंदिर आहे. तिथे आई आपोआप चप्पल काढते आणि हात जोडते. मराठी आजी-आजोबा उन्हाळ्यात शहरात बरेच असतात. त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या आणि आठवड्यातून एकदा एकाच बागेत भेटू द्या. या एका गोष्टीने मुक्काम सुखाचा होतो, हे आम्ही घरोघरी पाहिलं आहे.

भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. बोलण्यासाठी इथलं प्रीपेड सिम वेगळं घ्या. त्याला पासपोर्टची पडताळणी लागते.

११. रविवारी सगळं बंद असतं. मग काय करायचं?

किराणा शनिवारी रात्री आठच्या आत. त्यानंतर स्टेशनवरची आणि विमानतळावरची दुकानं, आणि सकाळी काही तास बेकऱ्या. रविवारी ड्रिल, खलबत्ता, व्हॅक्यूम क्लीनर नको. संग्रहालयांसाठी मात्र रविवार चांगला: आल्टे पिनाकोथेक आणि पिनाकोथेक देअर मोडेर्नेचं तिकीट रविवारी एक युरो असतं.

१२. फिरण्यासाठी कोणतं तिकीट घ्यावं?

महिनाभर रोज बाहेर पडणार असतील तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे सगळ्या जर्मनीतल्या स्थानिक गाड्या-बसचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो. ते नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. लांब पल्ल्याच्या आयसीई, आयसी, ईसी गाड्यांना ते चालत नाही. स्थानकावर लाल-पांढरी वेगवान गाडी पुढ्यात उभी राहिली की आई-बाबा तीच धरायला जातात, हे ध्यानात ठेवा.

घरातली चार-पाच माणसं मिळून एका दिवसाची सहल असेल तर बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियाचा एका दिवसाचा पास. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, पाच जणांपर्यंत. ते साल्झबुर्गपर्यंत चालतं.

कुठे जायचं? गुडघ्यांचा विचार करून सांगतो. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला सगळ्यांना पाहायचा असतो, आणि २०२५ मध्ये राजा लुडविग दुसऱ्याचे राजवाडे युनेस्कोच्या यादीत आल्यापासून जास्तच. पण तिथे चढ आहे, आत जिने आहेत, वेळ ठरलेलं तिकीट आधी काढावं लागतं आणि घोडागाडीसुद्धा दारापर्यंत जात नाही. गुडघे दुखत असतील तर कीमसे तलाव निवडा. प्रीनपर्यंत साधारण तासाभराची गाडी, मग बोट, आणि फ्राउएनइन्झेलवर एकही मोटार नाही. बेट सावकाश चालत फिरून होतं. त्सुगश्पित्से शिखर २९६२ मीटर उंच आहे आणि रोपवे काही मिनिटांत वर नेतो. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

१३. एकाच फेरीत स्वित्झर्लंड आणि लंडन करता येईल का?

स्वित्झर्लंड करता येईल, तो शेंगेनमध्ये आहे. ऑस्ट्रिया, इटली, चेकिया, २०२३ पासून क्रोएशियाही. मूळ पासपोर्ट सोबत ठेवा, कारण गाडीत तपासणी होते. सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज हा नियम आहे. जर्मनीत आठवडा आणि इटलीत तीन आठवडे असतील तर अर्ज इटलीकडे.

लंडनला वेगळा व्हिसा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनहून म्यूनिकला परत येता येत नाही. आई-बाबांचं परतीचं विमान म्यूनिकहून असतं आणि ते लंडनला अडकतात. लंडन नक्की असेल तर अर्जातच अनेक प्रवेश मागा.

१४. मुलांच्या सुट्ट्या आणि आई-बाबांचे दिवस कसे जुळवावेत?

बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी जर्मनीत सर्वात उशिरा असते. २०२६ मध्ये ३ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर, म्हणजे गणेश चतुर्थी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी येते. मुलांना पूजेला घरी राहता येईल. वर्षातले सण-सुट्ट्या बघून मधला एक दिवस रजा टाकली की चार दिवस मिळतात. गुरुवारी येणारं ख्रिस्तस्वर्गारोहण हे त्याचं ठरलेलं उदाहरण. १५ ऑगस्टची सुट्टी म्यूनिकला आहे, बर्लिनला नाही, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांशी बेत करताना तपासून घ्या.

१९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ ऑक्टोबरफेस्ट आहे. त्या दिवसांत हॉटेलांचे भाव चढतात. मामा-मावशी राहायला येणार असतील तर तारखा सरकवा.

सुट्टी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीचं स्वस्त तिकीट काढू नका. शाळा इथे सक्तीची आहे आणि सहलीसाठी रजा मिळत नाही. २०१८ मध्ये मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच निघालेली कुटुंबं पकडली होती. दंड होऊ शकतो.

१५. आई शुद्ध शाकाहारी आहे. बाहेर काय खाईल?

शाकाहारी आणि व्हेगन लिहिलेलं भरपूर मिळतं. लपलेल्या गोष्टी सांगून ठेवा: केझश्पेट्सलेत (चीज घातलेल्या नूडल्समध्ये) अंडं असतं, जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन, काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, आणि काही बेकऱ्या ब्रेत्सेनच्या कणकेत डुकराची चरबी घालतात. नेहमीच्या बेकरीत एकदा विचारून घ्या. उपवासाचा साबुदाणा भारतीय दुकानातूनच आणा.

१६. बाळंतपणाला आई येणार आहे. केव्हा बोलवू?

तारखेच्या साधारण तीन आठवडे आधी. मग बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत ती राहते. आईचे ९० आणि सासूबाईंचे ९० वेगळे मोजतात. त्यामुळे एकीनंतर दुसरी असं बोलावलं तर बाळाचे पहिले पाच महिने घरात मोठं माणूस असतं. दोघी एकत्र आल्या तर तीन महिन्यांनी घर एकदम रिकामं होतं. बाळ आणि नवी आई दोघांनाही ते जड जातं, म्हणून आम्ही एकीनंतर दुसरी हेच सुचवतो. फक्त एकीचा निरोप आणि दुसरीचं येणं यांत तीन-चार दिवसांची भेट ठेवा.

हेबामे, म्हणजे सुईण, घरी येते. सरकारी आरोग्यविमा असेल तर पहिले दहा दिवस रोज, पुढे गरजेप्रमाणे बारा आठवड्यांपर्यंत. तिची नोंदणी गरोदरपण कळल्या कळल्या करा, म्यूनिकमध्ये त्या लवकर भरतात. आईची आणि हेबामेची पहिल्याच दिवशी ओळख करून द्या आणि दुभाषाचं काम नवऱ्याने करावं. तेल लावणं, पोट बांधणं, डिंकाचे लाडू, यावर बहुतेक सुइणी मोकळेपणाने बोलतात. मध चाटवण्याबाबत मात्र ठाम राहा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे. धुरी नको, बाळाच्या श्वासासाठी आणि अलार्मसाठीही.

आई येते तेव्हा ती साठीच्या पुढची असते, जेट लॅगमध्ये असते आणि चार माणसांचा स्वयंपाक एकटीने उचलते. नवऱ्याने एल्टर्नत्साइट, म्हणजे पालकांची रजा, घ्यावी आणि रात्रीची एक पाळी स्वतःकडे ठेवावी.

१७. दिवाळीत फुलबाज्या लावता येतात का? गणपतीचं विसर्जन कुठे करायचं?

फुलबाज्यांसारखा सर्वात सौम्य प्रकार वर्षभर चालतो, बारा वर्षांपुढच्यांना. बाकीचे फटाके फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला, अठरा वर्षांपुढच्यांना. दहानंतर शांतता.

मूर्ती इथल्या हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या नैसर्गिक मातीची करा. आजोबा आणि नातवंडं मिळून करतात तेव्हा ती फार सुंदर होते. विसर्जन घरी बादलीत, माती कुंडीत. इझार नदीत काही सोडू नका. दुर्वांसाठी प्रश्न ७ पाहा, बागेतलं गवत वापरून पूजा होते.

१८. घरमालकाला सांगावं लागतं का? आन्मेल्डुंग करायची का?

परदेशात राहणाऱ्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंत आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या पाहुण्यांसाठी परवानगीही लागत नाही. त्याहून जास्त राहणार असतील तर घरमालकाला दोन ओळींची मेल करा. जास्त माणसांच्या पाण्याचा आणि कचऱ्याचा खर्च वाढतो, आणि आधी कळवलेलं असलं की मन मोकळं राहतं.

१९. नोव्हेंबरमध्ये बाबा इथे असतील. पेन्शनचा हयातीचा दाखला कसा देणार?

म्यूनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात दाखल्यावर सही-शिक्का मिळतो. पासपोर्ट आणि पेन्शनची कागदपत्रं घेऊन बाबांना स्वतः जावं लागतं. केंद्राच्या पेन्शनधारकांत ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. कोणता नमुना चालतो हे निघण्याआधी बँकेला विचारा. प्रश्न ४ मधल्या १२ नोव्हेंबरच्या परतीच्या बेतात भारतात जाऊनही वेळ उरतो.

२०. आई आजारी पडली आणि ९० दिवस संपत आले. मुदत वाढते का?

प्रवास खरोखर अशक्य असेल तर वाढू शकते. व्हिसा संपण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेला लेखी कळवा, सोबत डॉक्टरचं पत्र (प्रवास करू नये असं स्पष्ट लिहिलेलं), वाढवलेला इन्शुरन्स आणि नव्या तारखेचं तिकीट. नातवाचा वाढदिवस किंवा स्वस्त तिकीट ही कारणं चालत नाहीत.

२१. व्हिसा नाकारला. आता?

पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने तो मार्ग बंद केला. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद. बहुतेकांना नवा अर्जच सोयीचा. पत्रातलं कारण नीट वाचा. परत जाण्याबद्दल शंका असेल तर प्रश्न २ मधली कागदपत्रं वाढवा, पैशांबद्दल असेल तर हमीपत्र जोडा. आईला आधी समजावून सांगा की यात तिचा काही दोष नाही. नकाराचं पत्र फार कोरड्या भाषेत असतं आणि ते मनाला लागतं.

२२. दर वर्षी नवा व्हिसा काढावा लागतो का?

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी सोय आहे. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमानुसार वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत पुरेशी हवी. ९०/१८० चा नियम त्यातही लागू राहतो.

२३. बाबा गेले, आई भारतात एकटी आहे. तिला कायमचं आणता येईल का?

हा प्रश्न लोक सर्वात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. साधारण नियमाने आईवडिलांना फक्त असाधारण हलाखीच्या परिस्थितीत परवाना मिळतो. एकटेपण तेवढं पुरत नाही. तिची काळजी भारतात कुणीच घेऊ शकत नाही आणि ती फक्त इथेच घेता येईल, हे सिद्ध करावं लागतं. १ मार्च २०२४ पासून एक वेगळी वाट आहे: ज्यांना ब्लू कार्डसारखा कुशल कामगाराचा परवाना पहिल्यांदा त्या तारखेला किंवा नंतर मिळाला आहे, ते आईवडिलांना आणू शकतात. त्याआधी आलेल्यांना ती लागू नाही. उदरनिर्वाह आणि आरोग्यविमा दोन्ही दाखवावे लागतात, आणि गाडी विम्यावर अडते. वयस्कर माणसाला सरकारी विम्यात सहसा घेत नाहीत आणि खाजगी विमा फार महाग पडतो किंवा नकारच मिळतो. म्हणून आधी विमा कंपनीचा लेखी होकार मिळतो का ते पाहा, मगच घर विकण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय घ्या. होकार मिळाला नाही तर प्रश्न २२ मधला दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन वर्षातले काही महिने इथे आणि काही तिथे, असं अनेक घरांनी बसवलं आहे. भारतातल्या महिन्यांत आईजवळ कोण असेल ते भावंडांशी बोलून तिकीट काढण्याआधी ठरवा.